गिरणीमागची खोली

"भाचीला साक्षीला घेतलं म्हंजे भाचीला काय मिळायचं न्हाई, एवढं समजून घ्यायचं."

हे मला उद्देशून नव्हतं. पलूसच्या रजिस्टर ऑफिसबाहेर लिंबाखाली टेबल मांडून बसलेला दस्तलेखक शेजारच्या चहावाल्याला हे सांगत होता, तेही आवाज खाली घेऊन. पण कमी बोलणाऱ्या माणसाला दुसऱ्यांचं हळू बोलणं फार स्पष्ट ऐकू येतं. मी समोरच्या बाकावर बसले होते. शेजारी आत्या. तिच्या मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत आधार कार्ड, डॉक्टरचा दाखला आणि उशीर झालाच तर म्हणून फडक्यात बांधलेल्या भाकरी.

"काय म्हणला त्यो?" आत्याने विचारलं. तिचा डावा कान गिरणीने नेला होता. वर्षानुवर्षं पट्ट्याच्या बाजूला उभं राहून त्या कानाला आता फक्त मोठे आवाज कळायचे.

"काही नाही."

"काई तरी म्हणला. चहावाला हसला की."

"चहा घेणार का विचारत होता."

"मग घ्यायचा की! आवं, दोन कप द्या हिकडं. एकात साखर कमी, पोरगी साताऱ्याची हाय."

चहावाला पुन्हा हसला. मी खाली बघितलं. आत्याने इस्त्रीची साडी नेसली होती, केस तेल लावून चापून बसवले होते, तरी भांगाच्या कडेला पिठाची बारीक रेघ राहिलीच होती. ती कधीच पूर्ण जायची नाही. लहानपणी मला वाटायचं, आत्याचे केस तिथूनच पांढरे व्हायला लागले असणार.

त्या दिवशी तिने मृत्युपत्र नोंदवलं. तिची पिठाची गिरणी आणि गिरणीमागची राहती खोली तिच्या पश्चात सांगलीच्या एका संघटनेला मिळावी, असं त्यात होतं. ही संघटना टाकलेल्या बायकांच्या हक्कांसाठी लढते. रेशन कार्डावर बाईचं स्वतःचं नाव लागावं, पोटगी मिळावी, उताऱ्यावरून नाव उडवलं असेल तर ते परत चढावं, अशी त्यांची कामं. एक साक्षीदार दाखला देणारे डॉक्टर होते, दुसरी मी. कारकुनाने सांगितलं की मृत्युपत्रात काय लिहिलंय ते साक्षीदाराला माहीत असायची गरज नसते. सही करणारं माणूस शुद्धीत आहे आणि आपल्यासमोर सही करतंय, एवढं बघायचं.

मला माहीत होतं. त्यातला मोठा भाग माझ्यामुळेच झाला होता.

पप्पा सैन्यात होते. त्यामुळे मी वाढले ती घरं आमची नव्हती. क्वार्टरच्या दारावर पांढऱ्या रंगात नंबर असायचा. बदली झाली की सामान काळ्या पेट्यांत जायचं आणि पुढच्या गावी दुसऱ्या नंबरच्या दारातून आत यायचं. शाळेत इंग्रजी, शेजारी हिंदी, जेवताना मराठी. तिन्ही भाषांत मी उत्तरं बरोबर द्यायचे, पण आपणहून काही बोलायचं तर कुठल्या भाषेत सुरुवात करावी हेच ठरायचं नाही, आणि तोवर विषय पुढे गेलेला असायचा. पप्पा निवृत्त झाल्यावर साताऱ्यात फ्लॅट घेतला. खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, असं सांगून बिल्डरने तो विकला. दिसतो, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून, आणि तोही शेजारच्या इमारतीच्या टाकीमागून.

या सगळ्यात एकच जागा बदलली नाही. ती गिरणीमागची खोली. दिवाळी असो की मे महिना, पप्पा जिथे कुठे असतील तिथून मला आत्याकडे सोडलं जायचं. पलूसपासून थोडं आत आमचं गाव, गावाच्या चौकात भैरोबाचं देऊळ, आणि देवळाला लागून आत्याची गिरणी. पुढच्या भागात गिरणी, मागे एकच लांबट खोली, तिच्यामागे परडं आणि परड्यात एक शेवगा. खोलीला मागच्या बाजूने खिडकी होती. खिडकीतून काकांच्या उसाचा फड दिसायचा. गिरणी चालू असली की फळीवरची भांडी बारीक थरथरत राहायची, आणि बंद झाली की एकदम सगळं थांबायचं. ती शांतता मला दुसरीकडे कुठेही मिळालेली नाही. सकाळी पहिलं दळण संपल्यावर ती यायची आणि तिला गरम पिठाचा वास असायचा.

फळीवरच्या प्रत्येक भांड्यावर आत्याने नाव घातलेलं होतं. गावातल्या बायकांच्या भांड्यांवर 'सौ.' असतं, मग नवऱ्याचं नाव, मग आडनाव. आत्याच्या भांड्यांवर तिचं एकटीचं नाव, पुढे-मागे काही नाही. भांड्यावर नाव घालणाऱ्याने पहिल्यांदा विचारलं होतं म्हणे, "आणि मालकाचं?" त्यावर आत्या म्हणाली होती, "मालक मीच." त्या फळीवर एक लहान पेला होता, त्याच्यावर माझं नाव होतं. माझं नाव लिहिलेल्या बऱ्याच गोष्टी माझ्याकडे होत्या, वह्या, डबे, प्रमाणपत्रं. पण मी नसतानाही माझी वाट बघत एका जागी असणारी ती एकच.

आत्याला नवऱ्याने टाकलं तेव्हा ती फार लहान वयाची होती. तो जतकडचा. त्याने दुसरी केली आणि हिला एष्टीत बसवून दिलं. ती गावात उतरली तेव्हा घरी जायची हिंमत झाली नाही म्हणून देवळात बसून राहिली, आणि उजाडायच्या आत पुजाऱ्याने तिला उठवलं. हे तिने मला एकदाच सांगितलं, शेंगा निवडताना, खाली बघत. "देवळात बाईला बसू देत्यात," ती म्हणाली, "राहू देत न्हाईत." पुढे भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा तिने जमिनीतला हक्क सोडून सही केली. सगळ्याच बहिणी करतात. त्या बदल्यात काका दर भाऊबीजेला तिला साडीचोळी द्यायचे, आणि ती खरंच प्रेमाने द्यायचे. तिच्यासाठी कोर्टात उभी राहिली ती संघटना. पोटगीची थकलेली रक्कम एकदम मिळाली, तिच्यातून तिने चौकातली जागा घेतली आणि गिरणी टाकली. घटस्फोट मात्र कधी झाला नाही. तो देईना, आणि नंतर हिने मागायचं सोडून दिलं.

माझं काम घरून चालतं, लॅपटॉप असला की झालं. त्यामुळे मोठी झाल्यावरही मी जमेल तेव्हा आत्याकडे जाऊन राहायचे. खोलीत खिडकीशी बसायचे. की-बोर्डवर पिठाचा थर बसायचा. आत्या गिरणीतून ओरडून विचारायची, "झालं का तुझं हापीस?" आणि मलाही ओरडून उत्तर द्यावं लागायचं, नाहीतर तिला ऐकूच यायचं नाही. मम्मीला हे खरं वाटायचं नाही. ओरडणारी मी तिने कधी बघितलीच नव्हती.

अशाच एका मुक्कामात संघटनेच्या ताई आल्या. सांगलीहून एष्टीने आल्या होत्या, खांद्यावर शबनम आणि हातात एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका. पुस्तिका इंग्रजीत होती. माणसांनी आपल्या मृत्युपत्रातून संस्थांना काही ठेवावं, यासाठी त्यांना कसं विचारायचं, याची माहिती कुठल्यातरी मोठ्या संस्थेने छापली होती. ताईंना त्यातून बायकांना देण्यासारखं एक मराठी पत्रक हवं होतं.

"तुमची भाची इंग्लिश शाळेतली ना?" ताई म्हणाल्या. "मग करून देईल की."

मी दोन दिवस ते करत बसले. मराठीत मी एवढं मनापासून कधी काही लिहिलं नव्हतं. मग आत्याच्या उजव्या कानाच्या बाजूला बसून मी ते वाचून दाखवलं. ताई समोर बिनसाखरेचा चहा पीत होत्या.

"'नियोजित देणगी' म्हंजे काय गं?" आत्याने मध्येच थांबवलं.

"आधी ठरवून ठेवलेली. माणूस गेल्यावर मिळते."

"म्हंजे मरायचं टाइमटेबल."

ताई इतक्या हसल्या की चहा सांडला. "आवं ताई, हसू नका," आत्या म्हणाली, "ह्ये वाचून बाया पळून जातील. पुढं वाच गं."

शेवटची ओळ माझी स्वतःची होती, पुस्तिकेत तसं काही नव्हतं. 'तुम्ही नसताना तुमची बाजू कोण मांडणार?' एवढंच. ते वाचल्यावर आत्या पदराने गुडघ्यावरचं पीठ झटकत राहिली. तिथे पीठ नव्हतं.

मग ताईंनी सहज सांगावं तसं सांगितलं, की मूल नसलेली बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिचं घर कायद्याने नवऱ्याकडे जातं. घटस्फोट झालेला नसेल तर टाकलेल्या बाईचंसुद्धा.

"त्याच्याकडं?" आत्याने विचारलं.

"हो."

"माझी गिरणी?"

"हो, आक्का."

आत्या उठली आणि दळणाला गेली. दळायला कुणाचा डबा आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी जोरात चालू होती. शेजारच्या गल्लीतली एक बाई ज्वारीचा डबा घेऊन उभी होती. मी चहाचा कप द्यायला पुढे गेले तर आत्याने मला हाताने जवळ बोलावलं आणि पट्ट्याच्या आवाजावरून ओरडली, "तुला पायजे का ही खोली?"

मला वाटलं, ऑफिसच्या कामासाठी म्हणतेय.

"माझ्यामागं! गिरणी, खोली, परडं. तुला पायजे असंल तर सांग, मग मी दुसरा इचारच करत न्हाई!"

ज्वारीवाली बाई माझ्याकडे बघत होती. मी मान हलवून नको म्हटलं.

त्या मान हलवण्याबद्दल मी नंतर खूप विचार केला आहे. आमच्याकडे नको हे उत्तर नसतं. ती सुरुवात असते. ताटात भाकरी वाढताना पाहुणा नको म्हणतो, यजमान आग्रह करतो, पाहुणा पुन्हा नको म्हणतो, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे होतं. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा माणूस हावरा. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, पण शाळेत मिळालं नाही असं जे थोडंफार माझ्याकडे आहे, त्यात हे आहे. आत्याच तर माझ्या ताटात दोन नकोंनंतर तिसरी भाकरी टाकायची. मी नको म्हटलं आणि पुन्हा विचारायची वाट बघत उभी राहिले.

आत्याने माझ्याकडे एक क्षण बघितलं. मग हसून त्या बाईला म्हणाली, "ह्या इंग्लिश शाळंतल्या पोरींचं बरं असतंय. न्हाई म्हणलं म्हंजे न्हाई. आपल्यावानी तीन-तीनदा विचारत बसाया लागत न्हाई." आणि तिने ज्वारी ओतली.

तिने माझा मान ठेवला होता. माझं शिक्षण, माझी नोकरी, मी सरळ बोलणारी मुलगी आहे असा तिचा समज, सगळ्याचा. मी कप घेऊन मागे गेले आणि खिडकीशी बसले. फळीवरची भांडी थरथरत होती. मला ती खोली इतकी हवी होती की त्या क्षणी मला लॅपटॉपचा पासवर्डसुद्धा आठवेना.

रजिस्टर ऑफिसातून बाहेर पडेपर्यंत मी वाट बघत होते. फोटो काढताना, अंगठा लावताना, मी सही करताना. सही करून बाहेर आलो तेव्हा दस्तलेखक आमच्याकडे बघून मान हलवत होता. एष्टी स्टँडवर आत्याने भडंगाचा पुडा घेतला आणि आम्ही बाकड्यावर बसून खाल्ला.

"राग आला न्हाई न्हवं तुला?" ती म्हणाली.

मी भडंगातले शेंगदाणे वेगळे करत होते. तसंच खाली बघत मी नाही म्हणून मान हलवली.

"शाळंला दिलं तर भिंतीवर नाव लागतंय. देवळाला दिलं तर पायरीवर. पर कोर्टाच्या तारखंला कोण देतंय? तारखंला जायाला एष्टीचं भाडं लागतंय, वकील लागतोय, रातच्याला टेकायला खोली लागती. ताई म्हणत्यात गिरणी भाड्यानं चालवू, खोलीत तारखंला आलेल्या बाया राहतील." तिने पुडा माझ्याकडे सरकवला. "तुझ्या काकाला मी असूस्तवर सांगू नगो. त्यो भाऊबीजंला यायचा बंद हुईल, आन मला त्याची साडी नगो, त्यो पायजे. माझ्यामागं तू सांग. सांगशील न्हवं?"

"हो."

"मोठ्यांदा म्हण की. ह्या कानाला कुठं ऐकू येतंय."

"हो!" मी म्हणाले. स्टँडवरच्या दोन-तीन माणसांनी वळून बघितलं.

"आन तुझा पेला तुझा. नाव घातलंय त्याच्यावर, त्यो संघटनंला चालत न्हाई."

त्यानंतर आत्या फार दिवस नव्हती. थंडीत एका सकाळी तिने गिरणी उघडली नाही, म्हणून पोळीचे गहू घेऊन आलेल्या बाईने मागून जाऊन बघितलं. झोपेतच गेली होती. आम्ही साताऱ्याहून पोचलो तेव्हा अंगणभर माणसं होती आणि गिरणीत लोकांचे डबे तसेच रांगेत होते. काकू येणाऱ्या प्रत्येकाला ज्याचा त्याचा डबा परत देत होत्या, धान्यासकट.

मी पप्पांना सांगायचा प्रयत्न केला. पहिल्या दिवशी ते कुणाशीच बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी ते परड्यात एकटे उभे होते. मी म्हणाले, "पप्पा, आत्याच्या घराबद्दल," आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "बाद में, बेटा," ते म्हणाले. दुःखात पप्पा हिंदी बोलतात. मी आत येऊन फळीवरच्या पेल्याकडे बघत बसले. मला सांगायचं होतं, आणि सांगितलं की खोली गेली, हेही मला माहीत होतं. न सांगता जितके तास जात होते तितके तास ती कुणाचीच नव्हती. त्यामुळे थोडीशी माझी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी नदीवर रक्षाविसर्जन. आमच्याकडे त्याला लग्नासारखी गर्दी होते. आजूबाजूच्या गावांतून गाड्या येतात, माइक असतो, लोक दोन शब्द बोलतात आणि घरची माणसं मयताच्या स्मरणार्थ देणग्या जाहीर करतात. देऊळ, शाळा, भजनी मंडळ. माइकवरून जाहीर झालेलं मागे घेत नाहीत. ते आणि दगडावर कोरलेलं सारखंच.

बायका एका बाजूला बसल्या होत्या. मी मम्मीजवळ. मागून एक आवाज आला, "ही ती साताऱ्याची व्हय? आल्यापासनं एक शब्द बोलली न्हाई."

"इंग्लिश मीडियमची हाय. मनातल्या मनात रडती."

नैवेद्य ठेवला आणि कावळा लगेच शिवला. इतक्या लवकर की भटजीसुद्धा हसले. "आक्काची काय इच्छा राहिली न्हाई," सगळे म्हणाले, आणि काकांनी डोळे पुसले. मला वाटतं त्यामुळेच पुढचं झालं. इच्छा राहिली असती तर काका थांबले असते, विचारलं असतं. नाही म्हटल्यावर त्यांनी आपल्या मनाने बहिणीसाठी सगळ्यात मोठं काय करता येईल ते शोधलं. ते माइककडे गेले. शाळेला काही दिलं, भजनी मंडळाला काही दिलं. मग त्यांनी माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"आमच्या आक्काला मूलबाळ न्हाई. पर आक्काचं नाव ह्या गावात राहिलं पायजे. आक्काची गिरणीची जागा मी आणि माझा भाऊ भैरोबाच्या सभामंडपाला देतोय."

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष उठून पुढे आले. त्यांनी काकांना मिठी मारली. कुणीतरी 'भैरोबाच्या नावानं' म्हणालं आणि गर्दीने 'चांगभलं' म्हटलं. पप्पा मान खाली घालून बसले होते, त्यांनी मान हलवली. त्यांनाही ते योग्य वाटलं असणार. बहिणीला जमीन दिली नाही याचं काहीतरी दोघा भावांच्या मनात इतकी वर्षं होतंच, आणि आज ते फिटत होतं.

मी मागे बघितलं. सगळ्यात शेवटी, गाड्यांच्या सावलीत, संघटनेच्या ताई चार बायकांबरोबर उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. मी उठून त्यांच्याकडे गेले.

"तुम्ही बोला ना," मी म्हणाले. "कागद तुमच्याकडे आहे."

"कागद आज ना उद्या दाखवूच," ताई म्हणाल्या. "पण आज आम्ही उठलो तर घर लुटायला आल्या म्हणतील, आणि आक्काचं नाव त्यात खराब होईल. घरचं माणूस बोललं पाहिजे."

"मला नाही जमत."

ताईंनी आग्रह केला नाही. पिशवीतून फक्त ते पत्रक काढलं, तेच, पिवळ्या कागदावर छापलेलं, आणि परत पिशवीत ठेवलं. शेवटची ओळ ठळक अक्षरात छापली होती. तेवढ्यातही मला ती वाचता आली.

"अजून कुणाला दोन शब्द बोलायचे असतील तर," माइकवाला म्हणत होता, "नसतील तर आपण शांतिपाठ..."

मी चालायला लागले. बायकांच्या मधून, चपला ओलांडत. मम्मीने माझा हात धरायचा प्रयत्न केला. मागून तोच आवाज आला, "आगं बाई, ही कुठं निघाली?" आणि दुसरा, "घर मागायला. भाचीचा डोळा असायचाच की."

माइकवाल्याने माइक माझ्या उंचीला खाली केला. मी सुरुवात केली तर आवाजच आला नाही. पुढच्या रांगेतले एक म्हातारे आजोबा म्हणाले, "मोठ्यांदा बोल पोरी, ऐकू येत न्हाई." त्यांनी तसं म्हटलं नसतं तर मला जमलं नसतं.

मी सांगितलं की आत्याची जागा देवळाला देता येणार नाही, कारण तिने ती आधीच दिली आहे. कुणाला, कशासाठी, ते सांगितलं. मृत्युपत्र नोंदलेलं आहे आणि मी साक्षीला होते, हेही सांगितलं. ते नसतं तर जागा देवळाची नाही, जतच्या त्या माणसाची झाली असती, हे सांगितल्यावर बायकांच्या बाजूला एकदम कुजबुज झाली. अध्यक्ष खाली बसले. पप्पांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, एखाद्या अनोळखी मुलीकडे बघावं तसं.

काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ते चिडले असतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा फक्त थकलेला होता.

"आक्कानं मला सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"तुम्ही भाऊबीजेला यायचे बंद व्हाल म्हणून."

गर्दीतून एकजण म्हणाला, "पोरीलाच पायजे असंल घर, म्हणून संघटनंचं नाव पुढं करती." काकांनी हात वर करून त्याला गप्प केलं आणि माझ्याकडे वळले. आता त्यांचा आवाज मऊ होता. आत्यासारखा.

"तुला पायजे का गं ती खोली? सरळ सांग. आक्काची तू लाडकी. तुला पायजे असंल तर संघटनंशी मी बोलतो, त्या बाईच्या पाया पडतो. माझं काय म्हणणं न्हाई. एकदा सांग फक्त, पायजे का?"

हीच ती दुसरी विचारणा होती. मी गिरणीत कप हातात धरून जिची वाट बघत होते ती, एवढ्या उशिरा, एवढ्या माणसांसमोर. माइक चालूच होता.

"पायजे होती, काका," मी म्हणाले. "लय पायजे होती. पण आत्यानं दिली तिथंच जाऊ द्या."